एक रिकामा ड्रम

९ फेब्रुवारी १९८३, बुधवार

आज इंजिन सात वेळा बंद पडलं. सातही वेळा रेणुकादास सरांनी पाडलं!

हा त्यांचा रोजचा खेळ. विमान शिकणारा जरा निवांत होऊन खाली गोदावरीची वाळू बघायला लागला की शेजारून हात येतो, थ्रॉटल मागे ओढतो आणि आवाज येतो — "गेलं इंजिन. आता काय करणार, बाईसाहेब?" मग वेग सांभाळा, वारा कुठून येतोय बघा, शेत निवडा. तारा नकोत, विहीर नको, नांगरट असेल तर तासांच्या दिशेनंच. जमीन दोनशे फुटांवर आली की सर थ्रॉटल पुढे ढकलतात, "वाचलीस" किंवा "मेलीस" एवढंच सांगतात आणि पुन्हा वर. आज मी चारदा वाचले, तीनदा मेले. भूक मात्र सातांची लागली.

खाली कुठं हिरवं औषधाला नाही. सर म्हणाले, "यंदा तू नशीबवान आहेस. जिकडे बघावं तिकडे मोकळं रान. पीक उभं असतं तर उतरल्यावर आधी शेतकऱ्याच्या शिव्या खाव्या लागल्या असत्या." दुष्काळात फायदा शोधणारा अख्ख्या मराठवाड्यात हा एकच माणूस असेल.

समाजकल्याणची शिष्यवृत्ती ३१ मार्चला संपते. त्याच्या आत एकटीनं लांबची फेरी झाली पाहिजे — नांदेड, उदगीर, लातूर आणि परत. झाली तर परवाना. नाही झाली तर, बाबा म्हणतात तसं, "डी.एड. आहेच की!" बाबा स्वतः मास्तर आहेत. त्यांच्या दृष्टीनं जगातले सगळे रस्ते शेवटी शाळेतच जातात.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

नायगावहून नागुबाई आली. माझी आजी. चपला काढायच्या आधी म्हणते, "शीला, तुमच्या इमानाच्या हापिसात मोठं डबडं हाय का एखादं?"

टँकर चौथ्या दिवशी येतो. ज्याच्या दारात मोठं भांडं त्याला पाणी, बाकीच्यांना चिखल. आमच्या वस्तीवर सात घरं आणि सगळ्या घागरीच घागरी.

मी मलप्पांना विचारलं. मलप्पा आमचे मेकॅनिक, उदगीरकडचे. इंजिनाला कान लावून आजार सांगतात, आणि मला 'पायलटबाई' म्हणून चिडवतात. पेट्रोलचा एक रिकामा ड्रम त्यांनी काढून दिला. वहीत लिहायचं का विचारलं तर हसले. "वहीत लिवलं की अनंतरावांची सही लागती. तवर पाऊस पडून जाईल." अनंतराव म्हणजे आमच्या फ्लाइंग क्लबचे सेक्रेटरी, वकील. सही करण्याआधी स्वतःचं नावसुद्धा दोनदा वाचतात.

"न्या पायलटबाई. पण परत आणताना वाळवून आना. थेंब चालत न्हाई मला, सांगून ठेवतो."

१६ फेब्रुवारी, बुधवार

ड्रम ट्रकवरून रवाना. आजीला पुढे ड्रायव्हरशेजारी बस म्हटलं तर नाही. मागे ड्रमाला धरून बसली — कुणी पळवला तर!

२४ फेब्रुवारी, गुरुवार

नायगावचा निरोप : राखेनं चारदा घासला तरी पाण्याला पेट्रोलचा वास येतोय, पण पितायत. आजी म्हणे सगळ्यांना सांगते, "एक घोट घ्या, इमानात बसल्यावानी वाटतं."

५ मार्च, शनिवार

ड्रम परत आला. वस्तीवर सिमेंटची टाकी बांधून झाली म्हणून आजीनं धाडून दिला. बाहेरून असा लखलखीत की आमचे बाकीचे ड्रम त्याच्यापुढं ओशाळले असतील. बूच घट्ट लावलेलं.

मलप्पांनी विचारलं, "वाळवलाय न्हवं?"

मी म्हटलं, "हो."

बघितलं कुठं होतं मी! पण आजीच्या हातचं भांडं, त्यात काय बघायचं?

८ मार्च, मंगळवार

एक भरलेला ड्रम तळाला गळायला लागला. मलप्पांची धावपळ. त्यातलं पेट्रोल घाईघाईनं आजीच्या ड्रमात घेतलं. मीही हातपंप मारला, ओढणी वासाने भरली. आई आत घेईना, अंगणातच बादली आणून दिली. अर्धीच.

११ मार्च, शुक्रवार

मेले नाही. उद्या लिहीन.

१२ मार्च, शनिवार

क्रमानं लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

काल सकाळी मलप्पांनी टाकी भरली. पेट्रोल ओतताना मऊ कातड्याच्या गाळणीतून ओततात. त्यातून पेट्रोल जातं, पाणी अडतं. ते कातडं उन्हानं तडकून फाटलंय. नव्यासाठी मलप्पांनी तीन अर्ज दिले, तिन्ही अनंतरावांच्या टेबलावर निवांत आहेत. म्हणून दुहेरी कापडातून गाळलं. भरल्यावर अर्धा तास थांबायचं असतं, म्हणजे काही पाणी असेल तर तळाला बसतं, मग तोटीतून पेलाभर काढून बघायचं. मी दहा मिनिटं थांबले. ऊन चढायच्या आत निघायचं होतं. पेल्यात निळसर, स्वच्छ पेट्रोल. वहीत सही ठोकली.

उदगीरपर्यंत सगळं छान. किल्ला डाव्या पंखाखाली बरोबर सापडला. इतकी खूश झाले की गाणं म्हणत होते, कुणी ऐकायला नव्हतं म्हणून बरं. मग लातूरकडे वळले. नवा जिल्हा झाल्यापासून बघितला नव्हता, म्हटलं वरून तरी बघू. जुन्यासारखाच दिसत होता, फक्त जास्त करपलेला. ऊन तापलं, विमान खड्ड्यातल्या एस.टी.सारखं उडायला लागलं. आणि इंजिन खोकलं.

एकदा खोकलं, सावरलं, परत खोकलं, आणि गप्प.

मी शेजारी वळून म्हणाले, "सर, आज नको ना."

शेजारची जागा रिकामी.

खरं सांगते, परवाना-बिरवाना काही आठवलं नाही. फक्त एवढंच की आईला कोण सांगणार. हात मात्र आपले आपण चालत होते. वेग धरला. थ्रॉटल, पेट्रोलचा कॉक, सगळं हलवून बघितलं. पंखा वाऱ्यानं नुसता फिरत होता, इंजिन काही बोलेना. खाली शेतं होती, पण दगडांचे बांध. पुढं एक मोठी पांढुरकी सपाट जागा दिसली — कोरडा तलाव. एका कडेला माणसं मुंग्यांसारखी. धूळ पश्चिमेकडून येत होती, म्हणजे वारा समोरून. उतरले. दोनदा आपटले, शेपटीचं चाक वाकलं आणि गाळाच्या ढिगाच्या दहा हात अलीकडे थांबले.

शिरूर अनंतपाळच्या जवळचा तलाव होता. रोजगार हमीवर गाळ काढत होते. बाया टोपल्या टाकून पळाल्या होत्या, त्या हळूहळू परत आल्या. मुकादम पुढे आला. गुरुपादप्पा त्याचं नाव. कंबरेवर हात ठेवून विचारतो, "कोन्या खात्याच्या?"

मी म्हटलं, "कुठल्याच नाही."

"मग पाऊस पाडायचं इमान का हे?"

"नाही हो, मी शिकतेय."

तो मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "पाऊस पाडायचं शिकून राहिलीय!" आणि बायांनी माझ्याकडे असं बघितलं की मला खोडून काढायचा धीर झाला नाही.

एका म्हातारीनं तांब्या पुढे केला. बसम्मा. मी घटाघटा सगळा संपवला, वर "गार आहे हो" म्हणाले. मागाहून कळलं की चार जणींचं दुपारपर्यंतचं पाणी तेवढंच होतं. लाज वाटली. आताही वाटते.

मग हवालदार आले पंचनाम्याला. छापील कागद जुने, त्यावर 'जिल्हा उस्मानाबाद'. ते खोडून त्यांनी सावकाश सुंदर अक्षरात 'लातूर' लिहिलं. विमानाचा कागद काही त्यांच्याकडे नव्हता, म्हणून ट्रकचाच वापरला. 'वाहन रस्ता सोडून तलावात गेले. चालक : स्त्री. समोरून येणारे वाहन : नाही.' मी सही केली. चुकीचं त्यात काहीच नव्हतं.

संध्याकाळी सर जीपने आले. आधी चाकांच्या खुणा पावलांनी मोजल्या, ढिगाऱ्यापर्यंत गेले, परत आले, चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "वाचलीस." तेव्हा कुठं मी रडले. मनसोक्त रडले, गुरुपादप्पासमोर.

१५ मार्च, मंगळवार

पेपरात बातमी : 'नांदेडच्या कन्येचे अतुलनीय धैर्य'. फोटो माझा नाही, कुणा दुसऱ्याच मुलीचा! अनंतरावांनी क्लबात हार घातला आणि भाषणात तीनदा 'आमच्या क्लबची काटेकोर देखभाल' म्हणाले. मलप्पा मागे उभे राहून खोकले.

आई म्हणते आता पुरे. बाबांनी डी.एड.चा फॉर्म टेबलावर ठेवलाय.

१९ मार्च, शनिवार

चौकशीचे साहेब आले. बारीक आवाजाचा माणूस, एकदाही ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

टाकीच्या कोपऱ्यात पाणी सापडलं. हवेच्या धक्क्यांनी हललं आणि इंजिनाकडे गेलं, म्हणाले. ड्रमाच्या तळातही सापडलं. आजीच्या ड्रमाच्या. काचेच्या भांड्यात दाखवलं — वर निळं पेट्रोल, खाली नितळ पाणी. दोन्ही मिळून दीड लिटरही नसेल. यंदा एवढं स्वच्छ पाणी मी नळालाही बघितलं नाही.

साहेबांना वाटतं, कुणीतरी पेट्रोल काढून विकलं आणि भरती म्हणून पाणी घातलं. मलप्पा म्हणाले, "साहेब, यंदा पेट्रोल मिळतंय, पानी मिळत न्हाई. पानी चोरलं म्हना, कुनालाबी पटंल." साहेब हसले नाहीत. लिहून घेतलं.

मग मला विचारलं, "हा ड्रम क्लबच्या आवाराबाहेर कधी गेला होता?"

मी मलप्पांकडे बघितलं. मलप्पा बुटाच्या नाडीकडे बघत होते. बारा दिवस उरलेत. हो म्हटलं असतं तर उड्डाण त्याच क्षणी बंद, फेरी नाही, परवाना नाही.

म्हणाले, "मला माहीत नाही."

२० मार्च, रविवार

दिवसभर स्वतःशी वकिली केली. ड्रम धुतलेला होता, घासलेला होता, बूच लावलेलं होतं. तो बाहेर गेला होता हे सांगून काय उजेड पडला असता? पाणी दुसरीकडून आलं असणार. कातडं फाटलेलं होतंच. मी खोटं बोलले, पण निरुपयोगी गोष्टीबद्दल. अनंतरावांनी ऐकलं असतं तर मला ज्युनियर म्हणून घेतलं असतं.

२६ मार्च, शनिवार

फेरी झाली! नांदेड, उदगीर, लातूर, नांदेड — दोन तास दहा मिनिटं. इंजिन एकदाही कुरकुरलं नाही. या वेळी भरल्यावर पाऊण तास थांबले आणि तोटीतून पाच पेले काढले. सर म्हणाले, "अजून काढ, टाकी रिकामी होऊ दे."

त्या तलावावरून जरा खाली येऊन गेले. बायांनी हात हलवले. आभाळात ढग नव्हता एकही. त्यांना वाटलं असेल, अजून शिकूनच राहिलीय.

३० मार्च, बुधवार

मलप्पांना काढलं. एकवीस वर्षांची नोकरी. अहवालात 'इंधनाचा अपहार केल्याची दाट शक्यता' आहे म्हणे. कातड्याच्या अर्जांबद्दल अवाक्षर नाही, अर्ज टेबलावरूनच गायब!

हँगरच्या दारात भेटले. पान्यांची पिशवी क्लबची म्हणून ठेवून निघाले होते, हातात नुसता डबा. पोरीच्या सोयरिकीचं बोलणं चालू होतं उदगीरला, ते आता थांबेल म्हणाले. चोर म्हटल्यावर कोण करतंय सोयरीक?

"ड्रमाचं मी बोललो न्हाई कुठं. तुमचं शिकनं अडलं असतं." मग डबा या हातातून त्या हातात घेत, "कोरडा होता न्हवं, पायलटबाई?"

"हो. कोरडाच."

"मग माझंच कायतरी चुकलं असंल," म्हणाले, आणि फाटकाकडे गेले.

मी हाक मारली नाही.

९ एप्रिल, शनिवार

परवाना आला. निळं छोटं पुस्तक, आत माझा फोटो, आणि या वेळी माझाच! आईनं आधी बुद्धांच्या फोटोपुढे ठेवला, मग शेजारच्या चार घरी फिरवून आणला. बाबांनी डी.एड.च्या फॉर्मच्या पाठीमागे वाणसामानाची यादी लिहिली. आनंद झाला, पण जेवण गेलं नाही.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. नायगावच्या वस्तीवर माझा सत्कार. दोन खुर्च्या, निळे झेंडे, लाउडस्पीकर. 'आपल्या वस्तीची पहिली वैमानिक.' मला बोलायला लावलं, मी बाबासाहेबांवर आणि शिक्षणावर बोलले. टाळ्या भरपूर पडल्या. खाली बसलेल्या पोरी टक लावून बघत होत्या, तिकडे बघवेना.

जेवणं झाल्यावर आजीजवळ बसले. सहज विचारलं, "ड्रम धाडलास तेव्हा नीट वाळला होता ना गं?"

"वाळवला की! दोन दिस उन्हात पालथा घातला. मंग भरला."

"भरला म्हणजे?"

"लोकाचं भांडं रिकामं धाडावं का कधी? तुझ्या मायनं तुला शिकवलं न्हाई?" ती उलट माझ्यावरच डाफरली. "साखर घालावी तर त्येवढ्या मोठ्या ड्रमात चिमूटभर साखर दिसती का? मंग साती घरांनी एकेक फुलपात्र पानी घातलं. यंदा त्येच्यापरीस भारी काय हाय?"

मी मनात सात फुलपात्रं मोजली.

आजीनं माझा हात धरला. हळूच विचारलं, जसं हे कधीचं विचारायचं राहिलं होतं, "त्यांनी वतून तर न्हाई दिलं न्हवं? माझ्या सासूच्या वक्ताला आमच्या हातचं पानी कुनी शिवत न्हवतं. म्हनून इचारते."

"नाही आजी," म्हणाले. "ओतलं नाही. वापरलं."

आजी एवढी खूश झाली! उठून शेजारच्या चांगुणाला सांगायला गेली.

१५ एप्रिल, शुक्रवार

चौकशीच्या साहेबांना रजिस्टरने अर्ज पाठवला. ड्रम मी मागितला, मी नेला, न बघता 'वाळवलाय' म्हणाले आणि चौकशीत खोटं बोलले, एवढंच लिहिलं. मलप्पांचा दोष नाही. आजीचं नाव घातलं नाही.

सोबत जोडलं : वैमानिक परवाना, मूळ प्रत.